पुडीवर चित्र आहे, पन्नीवर नाही

विदर्भातल्या कुठल्याही फाट्यावर उतरा. एसटीच्या थांब्याजवळ पानठेला असतोच, आणि ठेल्यावर कुणीतरी खर्रा घोटत असतं. सुपारीचे बारीक तुकडे, सुगंधित तंबाखू, चुना आणि पाण्याचे चार थेंब प्लास्टिकच्या पन्नीत घालून जोरजोरात घासायचे. घासता घासता मिश्रण गरम होतं, एकजीव होतं, आणि तीच पन्नी गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात पडते. निंदणाला निघालेली बाई, कॉलेजचा पोरगा, तालुक्याच्या कामाला आलेला म्हातारा, सगळे तिथं थांबतात.

या घोटण्यात रसायनशास्त्र आहे. तंबाखूतलं बरंचसं निकोटिन आम्लाशी बांधलेलं असतं, आणि अशा रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहजासहजी आत जात नाही. चुना अल्कधर्मी. तो मिसळला की निकोटिन सुटं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. विडीतलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि लवकर ओसरतं. खर्ऱ्यातलं हळू चढतं, पण तोबरा गालात असेपर्यंत झिरपत राहतं. त्यात सुपारीतलं अरेकोलिन हे दुसरं उत्तेजक. म्हणजे एका पन्नीत सवय लावणारी दोन रसायनं, आणि त्यांना वाट करून देणारा चुना.

सुपारी निरुपद्रवी आहे, तंबाखूच काय ती वाईट, असं आपल्याकडे अजूनही घराघरांत मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू साचत जातात. सुपारीतलं तांबं एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, चालना देतं, आणि ते विकर या तंतूंना एकमेकांत घट्ट विणतं. गाल चामड्यासारखा ताठर होतो. आधी तर्री-पोहे सोसेनासे होतात, आग होते. मग तोंड उघडणं कमी होत जातं. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघावीत. निरोगी माणसाची सहसा जातात. ज्याची दोनच जातात त्यानं त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या दंतवैद्याला तोंड दाखवावं. हा आजार झाला की गाल पूर्ववत होणं कठीण असतं, आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो.

आता कायद्याकडे बघू. महाराष्ट्रानं २०१२ साली गुटखा बंद केला, पुढच्याच वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीत आणली. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायचं, हा नियम २०१६ पासून देशभर आहे. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला विक्री करू देत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत ठेला लावू देत नाही. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण या कायद्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता. कारखान्यातून पुडी निघते, पुडीवर नाव असतं, तारीख असते, चित्र छापता येतं, माल जप्त करता येतो. खर्ऱ्याला कारखाना नाही. तो गिऱ्हाइकासमोर, गिऱ्हाइकाच्या पसंतीनं, एकेक करून तयार होतो. पन्नी कोरी असते. ज्या चित्रानं माणसानं घाबरावं ते खर्रा खाणाऱ्याच्या नजरेला पडतच नाही.

देशाच्या दुसऱ्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, २०१६-१७ मध्ये, महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपली सारी लढाई तोंडातल्या तंबाखूशी आहे आणि तिचा मोठा भाग पानठेल्यावर लढला जाणार आहे.

हे सगळं लिहिताना मला सारखा मोबाइल आठवतो. मोबाइलच्या पडद्यावर वर सरकवत जायची ती न संपणारी रांगही कारखान्यात छापून येत नाही. ती ज्याची त्याची, त्या क्षणी, त्याच्या आवडीनं तयार होते. तुमच्या पोराला दिसणारी रील शेजारच्या पोराला दिसत नाही. म्हणून तिच्यावर इशाराही छापता येत नाही आणि तपासनीसाला जप्त करायला काही मिळत नाही.

मेंदूत काय होतं ते समजून घेणं गरजेचं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की थोड्या वेळानं माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडायचा. सुरुवातीला थेंब पडला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. काही दिवसांनी उसळी थेंबावर येईना, दिवा लागताच येऊ लागली. दिवा लागून थेंब पडला नाही तर पेशी नेहमीपेक्षाही गप्प व्हायच्या. डोपामिन म्हणजे सुखाचा रस, असं आपण सर्रास ऐकतो, पण त्याचं काम जास्त करून अपेक्षेशी जोडलेलं आहे. पुढे २००३ मध्ये याच गटानं दाखवलं की दिवा आणि थेंब यांच्या मधल्या वेळात काही पेशींची हालचाल वाढत जाते, आणि थेंब मिळायची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा ती सगळ्यांत जास्त असते. पक्कं मिळणार किंवा पक्कं नाही, यापेक्षा ‘कदाचित मिळेल’ हे मेंदूला जास्त धरून ठेवतं.

अंगठ्यानं पडदा वर सरकवताना नेमकं हेच चालतं. पुढची रील भिकार असेल किंवा पोट धरून हसवणारी असेल. थांबायची खूण कुठेच नाही, पान संपत नाही, भाग संपत नाही. ठेल्यावर पन्नी घासल्याचा आवाज आणि मोबाइलची टुंग, दोन्ही शुल्ट्झच्या दिव्याचं काम करतात. सोडायचं ठरवलेला माणूस ठेल्यावरून जाताना का ढेपाळतो, ते इथं कळतं. शाळेपासून शंभर यार्डांचा नियम म्हणूनच पोकळ नाही. खूण नजरेआड ठेवायचा तो उपाय आहे. शाळेच्या फाटकापासून मोजून रस्त्यावर पिवळा पट्टा मारायला एक डबा रंग लागतो.

अर्थात दोन्ही एकाच मापानं मोजू नयेत. निकोटिन हा पदार्थ आहे, तो शरीरात जातो, सुटला की चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड होते. समाजमाध्यमांबद्दलचा पुरावा अजून तितका घट्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, जुगाराचा विकार आणि गेमिंगचा विकार आहेत, समाजमाध्यमांचा नाही. शिवाय मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो, तुरीचा आणि सोयाबीनचा भाव कळतो, ज्या गावात गणिताचे मास्तर टिकत नाहीत तिथली पोरगी त्यावर गणित शिकते. खर्ऱ्याची अशी एकही बाजू नाही. म्हणून एकाला हद्दपार करायचं आणि दुसऱ्याला लगाम घालायचा, असा फरक सरकारनं ठेवायलाच हवा.

पण सरकारनं यात पडायचंच कशाला? ज्याचं त्यानं बघावं, मन घट्ट करावं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास सांगते. १९७१ च्या सुमारास तिथल्या सैनिकांत पाचातला एक जण हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परतलेल्या सैनिकांचा माग काढला. जे तिथं व्यसनी होते त्यांतले फार थोडे, पहिल्या वर्षात वीसातला जेमतेम एक, घरी आल्यावर पुन्हा व्यसनात पडले. माणसं तीच होती. बदललं ते भोवताल: माल सहज मिळेना, सोबतीची टोळी पांगली, जवळ घरचे आले. मनाचा घट्टपणा लागतोच, पण तो भोवतालावर पोसतो. आणि भोवताल एकट्या माणसाला बदलता येत नाही. ते काम गावाचं आणि सरकारचं आहे.

सरकारनं भोवताल बदलायचा म्हणजे काय, याचे जुने प्रयोग विदर्भात झालेले आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे आणि ती लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये सरकारनंच उठवली; अवैध दारू वाढली आणि त्या धंद्यात बायका-मुलं ओढली गेली, असं कारण दिलं गेलं. माझ्या मते चंद्रपूरनं शिकवलं ते इतकंच, की दुकानाला कुलूप लावणं हा बंदीचा पहिला दिवस असतो. त्यानंतर दर आठवड्याला कुणीतरी लक्ष ठेवायचं असतं, पिणाऱ्याला सोडवायचं असतं, विकणाऱ्याला दुसरा रोजगार शोधून द्यायचा असतो. ते न करता बंदी फसली म्हणणं मला पटत नाही.

गडचिरोलीत २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ हे काम म्हणूनच मोलाचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांनी मिळून ते उभं केलं. दारू आणि तंबाखू दोन्ही त्यात आहेत. गावात संघटना, लोकजागृती, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार, हे चारही एकाच वेळी चालवायचे असा त्याचा आराखडा आहे. पोलीस एकटे गेले तर विक्रेता शेजारच्या गावात जातो. उपचार एकटे गेले तर बरा होऊन आलेल्या माणसाला दारातच ठेला भेटतो.

गावाच्या हातात कायद्यानं दिलेलं बळ कमी नाही, आणि ते पुष्कळांना ठाऊक नसतं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांची विक्री आणि वापर यांचं नियमन करायचा, बंदीसुद्धा घालायचा अधिकार दिला आहे. इतर गावांत ‘आडवी बाटली’ आहे: पंचवीस टक्के महिला मतदारांनी दारूचं दुकान बंद करायची मागणी केली की मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की परवान्याचं दुकान बंद. मुलाच्या हाती दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बापानं पोराला ‘जा, एक खर्रा घेऊन ये’ म्हणून पिटाळलं तर त्या पोराच्या हाती पन्नी देणारा ठेलेवाला या कलमात सापडू शकतो. गांजा आणि गोळ्यांच्या बाबतीत पोलिसांच्या भीतीनं घरचे मुलगा लपवतात. त्यांनी हे ऐकावं: १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ हे कलम आहे. थोड्या मात्रेत किंवा सेवनापुरता पकडला गेलेला माणूस स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तेव्हा त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

मोबाइलच्या बाबतीत हात एवढा लांब पोहोचत नाही. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली, तेव्हा राज्यभर बातम्या झाल्या. गावाची कळकळ खरी आहे. पण हा ठराव पोरांवर आणि त्यांच्या आई-बापांवर बंधन घालतो. ज्यानं पडदा न संपणारा बनवला त्याच्यापर्यंत तो जाऊच शकत नाही. तिथं दिल्लीच लागते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांचा माग ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक आहे. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. ज्या घरांत पीककर्जाचे पैसे अशा खेळात गेले, त्यांना ती उशिराच आली.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वयाची नाही, दंडाची वाटते: तो कंपनीवर आहे, पोरावर किंवा आई-बापावर नाही. चीननं २०१९ मध्ये मुलांच्या खेळण्याचे तास बांधून दिले. नंतरच्या एका मोठ्या विश्लेषणात अति खेळणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. घड्याळ लावून भागत नाही असा त्याचा अर्थ मी घेते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. संमती द्यायची ती आई, आणि मोबाइल हाताळायला शिकवतो तो तिचाच बारा वर्षांचा पोरगा. शहरातली सुशिक्षित आई समोर ठेवून लिहिलेला संमतीचा नियम इथं लंगडा पडणार. म्हणून मागायचं असेल तर हे मागावं, की मुलांच्या खात्यात न संपणारी रांग, आपोआप सुरू होणारी रील आणि रात्रीच्या सूचना मुळातूनच बंद असाव्यात. संमती दिली तरीही.

आणि उपचार. सोडायची इच्छा असलेल्या माणसाला आज काय मिळतं? तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मनाच्या त्रासासाठी १४४१६, नशामुक्तीसाठी १४४४६, हे तिन्ही क्रमांक सरकारी आणि मोफत आहेत. समोर बसून ऐकणारा समुपदेशक मात्र बहुतेकांना जिल्ह्याच्या ठिकाणीच गाठावा लागतो. सालदार किंवा रोजमजूर त्यासाठी दिवसाची मजुरी आणि तिकिटाचे पैसे घालवत नाही. तो तालुक्याला येतो आठवडी बाजाराच्या दिवशी. ‘मुक्तिपथ’नं तालुक्याला व्यसन उपचार क्लिनिक चालवून दाखवलं आहे. तसं एक क्लिनिक विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी उघडं ठेवावं, तिथं निकोटिनचं च्युइंगगम फुकट द्यावं, तीन बोटांची तपासणी करावी, आणि रात्रभर मोबाइल सोडत नाही म्हणून आईनं ओढत आणलेल्या पोट्ट्यालाही तिथंच बसवून त्याच्याशी बोलावं.