नोटरीपुढची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे

मुद्रांकावर ‘आम्ही राजीखुशीने विभक्त होत आहोत’ असे लिहून नोटरीचा शिक्का घेतला की घटस्फोट झाला, हा समज आजही अनेक घरांत पक्का आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार मात्र विवाह संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरी केवळ सह्या साक्षांकित करतो. एखाद्या समाजातील रूढीने होणारा घटस्फोट कलम २९ ने राखला आहे खरा, परंतु ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. वर्षानुवर्षे वेगळे राहिल्यानेही नाते आपोआप तुटत नाही.

अशा कागदावर विसंबून केलेले दुसरे लग्न कायद्याने शून्य ठरते आणि तो गुन्हाही होतो. त्याची सर्वाधिक झळ बसते ती विश्वासाने त्या घरात आलेल्या दुसऱ्या स्त्रीला, कारण तिला पत्नी म्हणून वारसाहक्क मिळत नाही. तिची मुले मात्र कलम १६ नुसार औरस मानली जातात.

दोघांची संमती असेल, तर वर्षभर वेगळे राहिल्यानंतर कलम १३-ब खाली एकत्रित अर्ज करता येतो. अर्जानंतर थांबण्याचा सहा महिन्यांचा कालावधी योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. पोटगी, मुलांचा ताबा आणि स्त्रीधन यांच्या अटी याच अर्जात लिहून घ्याव्यात.