प्रादेशिक वैद्यकीय जर्नलचा इम्पॅक्ट

एखाद्या देशातून किंवा शहरातून निघणारं वैद्यकीय जर्नल बाकीच्या संशोधकांच्या किती कामाला येतं ते आकड्यात पकडायचा खटाटोप म्हणजे इम्पॅक्ट मोजणं, आणि त्यातला सगळ्यात चलनी आकडा इम्पॅक्ट फॅक्टर. युजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाने ही कल्पना १९५५ साली मांडली आणि योगायोग बघा, त्याच वर्षी परळला सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या डॉक्टरांनी जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन सुरू केलं, म्हणजे मोजपट्टी आणि मुंबईचं हे जर्नल एकाच वयाचे.

हिशोब तसा सोपा आहे. समजा एका जर्नलने २०२२ आणि २०२३ मिळून १२० पेपर छापले आणि २०२४ मध्ये इतरांनी त्यांचा ९० वेळा संदर्भ दिला, तर ९० भागिले १२०, झाला ०.७५. गंमत पुढे आहे. संपादकीय आणि वाचकांची पत्रं सहसा खालच्या आकड्यात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले संदर्भ मात्र वर मोजले जातात. शिवाय ही सरासरी आहे, त्यामुळे एकच पेपर जोरात चालला की बाकीच्यांचं पण भागतं. स्कोपस या संशोधन-पेपरांच्या डेटाबेसवाल्यांचा असाच आकडा, साइटस्कोर, २०१६ पासून आहे, तो चार वर्षं धरतो, म्हणून हळूहळू वाचल्या जाणाऱ्या जर्नलला जरा बरा.

आता मुंबईतली खरी अडचण. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर इथे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) पेशंट भराभर वाढले, पावसाळ्यात दरवर्षी थोडेफार असतातच. इथल्या लेप्टोवरचा पेपर कामाला येतो तो कॅज्युअल्टीत रात्री दोनला मोबाईलवर चाळणाऱ्या रेसिडेंटला, ताप आणि पोटऱ्या दुखतायत, पाण्यातून चालत आला होता का विचारायचं, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) द्यायची की अॅडमिट करायचं ठरवायचं. तो रेसिडेंट उद्या पेपर लिहायला बसत नाही, सो संदर्भ शून्य. ही पट्टी लिहिणारे मोजते, उपचार करणारे नाही, आणि माझ्या मते प्रादेशिक जर्नलवर सगळ्यात मोठा अन्याय तोच. डाउनलोडचे आकडे असतात, पण त्यावरून पेशंटचं काय झालं ते कळत नाही.

पेपर सापडणं हा वेगळाच प्रॉब्लेम होता. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशन कंपनीने बऱ्याच भारतीय जर्नल्सना फुकट ऑनलाइन आणलं, २०११ मध्ये ती कंपनी वोल्टर्स क्लुवर या परदेशी प्रकाशकाने घेतली. जून २०२३ पासून इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने इमर्जिंग सोर्सेसच्या, म्हणजे नव्या-छोट्या जर्नल्सच्या, यादीतल्या जर्नल्सनाही इम्पॅक्ट फॅक्टर दिला, त्यामुळे आधी आकडाच नसलेल्या कित्येकांना तो मिळाला, फक्त आता तीनऐवजी एकच दशांश छापतात.

२०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, म्हणजे डोरामध्ये, स्पष्ट लिहिलंय की जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नका. पण मेडिकल कॉलेजात प्रमोशनची फाइल निघाली की "इंडेक्स्ड आहे ना?" (म्हणजे जर्नल मान्य डेटाबेसच्या यादीत आहे ना) हेच आधी विचारतात, आणि २०१५ च्या मेडिकल कौन्सिलच्या परिपत्रकात तर ई-जर्नलमधले पेपर धरायचेच नाहीत असं होतं. मराठीत आरोग्यावर लिहिलेलं या हिशोबात जवळपास कुठेच येत नाही.