एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड बदलणे

मोटारगाडीच्या एंजिनातील जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ज्या पोलादी दांड्यांनी सिलिंडर हेडला जखडलेला असतो, त्यांपैकी सैल झालेला, तुटलेला किंवा गळून पडलेला दांडा काढून त्या जागी नवा बसविण्याची दुरुस्ती. या दांड्याला म्हणजे स्टडला दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक हेडमध्ये कायमचे बसते, तर दुसऱ्यावर मॅनिफोल्डचा फ्लँज, म्हणजे भोके असलेली सपाट कड, ओवून नट आवळतात. मध्ये सांध्यातून वायू गळू न देणारे गॅस्केट असते. प्रवासी गाड्यांत बहुधा ८ मिमी. व्यासाचा व १.२५ मिमी. अंतरालाच्या आट्यांचा स्टड वापरतात; मोठ्या एंजिनांत १० मिमी.चाही आढळतो.

बोल्टऐवजी स्टड वापरण्यामागे ठोस कारण आहे. बोल्ट काढघाल करताना प्रत्येक वेळी हेडमधील आटे घासले जातात, आणि ॲल्युमिनियमचे आटे ही झीज फार काळ सोसत नाहीत. स्टडच्या बाबतीत झीज नटाच्या बाजूला होते. शिवाय जोडणी करताना गॅस्केट व जड मॅनिफोल्ड स्टडवर टांगून ठेवता येतात.

स्टडचे खरे काम ताणलेल्या स्प्रिंगचे आहे. ८ मिमी.च्या कोरड्या स्टडवर नट सुमारे २४ न्यूटन-मीटर परिबलाने (फिरविण्याच्या जोराने) आवळला, तर साधारण १५ किलोन्यूटन पकडबल निर्माण होते. तरीही २५ मिमी. पकडलांबीत स्टड जेमतेम ०.०५ मिमी. लांबतो, आणि सारी पकड या एवढ्याशा लांबण्यावर टिकून असते. गॅस्केट दबले, नटाखालचा गंज चुरला किंवा तापलेले पोलाद ताणाखाली सैलावले आणि यांत काही शतांश मिलिमीटर गेले, तरी पकडबलाचा मोठा भाग नाहीसा होतो. काही उत्पादक नटाखाली नळीसारखा लांब स्पेसर घालतात तो यासाठीच. लांब स्टड त्याच बलाला अधिक लांबतो, म्हणून सांध्याचे तेवढेच दबणे त्याला कमी नडते.

सैल होण्याची कारणमीमांसा : स्टड आपोआप का सुटतो याविषयी दोन मते आहेत. गुडियर व स्वीनी या संशोधकांनी १९४५ मध्ये अक्षीय भाराची, म्हणजे स्टडच्या लांबीच्या दिशेने पडणाऱ्या भाराची, उपपत्ती मांडली. तीनुसार स्टडवरील ओढ कमीजास्त होताना नट किंचित फुगतो व आकसतो, आट्यांच्या पृष्ठांत सूक्ष्म घसरण होते आणि नट थोडाथोडा उलटा फिरतो. अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र अक्षाला आडव्या दिशेने होणारे सरकणे अधिक घातक ठरले. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधील घर्षणाचा रोध जवळजवळ संपतो आणि नट पूर्ण सुटेपर्यंत फिरू शकतो. त्यांच्या यंत्रावर आधारलेली चाचणी पुढे डीआयएन ६५१५१ या जर्मन मानकात आली. मॅनिफोल्डच्या बाबतीत युंकर यांचे मत अधिक जुळते, कारण येथे आडवे सरकणे टाळताच येत नाही.

मॅनिफोल्डच्या बिडाचा औष्णिक प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ११ दशलक्षांश, तर ॲल्युमिनियमच्या हेडचा सुमारे २२ दशलक्षांश असतो. यावरून हेड अधिक फुगेल असे वाटते. प्रत्यक्षात तापमानांतील फरकामुळे उलट घडते. पाण्याने थंड राहणारे हेड सुमारे ८० अंशांनी तापते, तर मॅनिफोल्ड पूर्ण भाराखाली ६०० अंशांनीही तापू शकतो. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड अशा वेळी ३.३ मिमी. लांबतो, हेड मात्र ०.९ मिमी.च्या आसपास. उरलेले सुमारे २.४ मिमी. दोन टोकांना वाटले जातात. म्हणूनच फ्लँजची टोकाकडील भोके मोठी किंवा लांबट ठेवतात आणि म्हणूनच टोकाचे स्टड बहुधा आधी तुटतात. मॅनिफोल्ड सरकायला अडला तर स्टड दर वेळी वाकतो आणि शेवटी शिणून हेडच्या पृष्ठालगत तुटतो. तापताना दाबला गेलेला मॅनिफोल्ड थंड झाल्यावर मूळ लांबीपेक्षा आखूड झाल्याचेही जुन्या एंजिनांत दिसते. मग भोके स्टडशी जुळत नाहीत. अशा मॅनिफोल्डवर नुसता नवा स्टड बसविला तर तोही त्याच जागी तुटतो. आधी फ्लँजचे पृष्ठ सरळ पट्टी व फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून तपासावे आणि वाक सापडल्यास ते यंत्रावर सपाट करून घ्यावे.

थंड एंजिन सुरू करताना येणारी व तापल्यावर कमी होणारी टकटक, फ्लँजलगत काजळीचा पट्टा आणि गाडीत येणारा धुराचा वास ही लक्षणे परिचित आहेत. वास येत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, कारण त्याला स्वतःचा वास नाही. जळक्या वायूच्या दोन स्पंदांमध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन संवेदक इंधन कमी पडते आहे असे दाखवितो आणि एंजिनाचा नियंत्रक विनाकारण इंधन वाढवितो.

काढणे : स्टड शाबूत असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आतल्या नटाला पाना लावतात, किंवा रोलरचा स्टड काढणारा पाना वापरतात. गंज पाझरणाऱ्या तेलाने भिजवून वेळ द्यावा. नटाबरोबर अख्खा स्टड फिरून बाहेर आला आणि हेडचे आटे स्वच्छ असले, तर ते नुकसान नव्हे.

पृष्ठाशी तुटलेल्या तुकड्यासाठी त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करण्याची रीत सर्वांत विश्वसनीय मानली जाते. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि तापून आकसलेल्या तुकड्याची गंजाची पकड सुटते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. ज्योतीने तापविताना हेडची काळजी घ्यावी : ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होत नाही, आणि उष्णतासंस्कारित मिश्रधातू जास्त तापल्यास मऊ पडतो. तुकडा आत खोल असेल तर बरोबर मध्यावर खूण करून डाव्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडतात. पुष्कळदा ड्रिलच तुकडा फिरवून बाहेर आणते. उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर (भोकात रुतवून तुकडा फिरवून काढणारे हत्यार) जपून वापरावा. तो कठीण पोलादाचा असून आतच तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही. मग ठिणगीने धातू झिजविणाऱ्या यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो.

आटे गेले असतील तर ८ मिमी.च्या स्टडसाठी सुमारे ८.३ मिमी. भोक पाडून, खास टॅप मारून अगंज पोलादाच्या तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, बसवितात. काही कारागीर भरीव आट्यांची बुशिंग पसंत करतात. दोन्ही टिकाऊ आहेत. भोक पृष्ठाशी काटकोनात असणे अधिक महत्त्वाचे. काही एंजिनांत स्टडचे भोक पाण्याच्या पोकळीत उघडते. तेथे आधी शीतकद्रव काढून घ्यावा व आट्यांना योग्य सीलंट लावावे.

निवड व आवळणे : ८.८ या बळवर्गाचे साधे पोलाद ३०० अंशांपुढे बळ गमावू लागते, म्हणून क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद योग्य. साधे अगंज पोलाद गंजत नाही, पण त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होतात. नायलॉन घातलेला नट साधारण १२० अंशांपुढे निरुपयोगी ठरतो. आटे मुद्दाम किंचित दाबलेले पूर्णधातूचे नट किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट वापरतात. ॲल्युमिनियममध्ये स्टड व्यासाच्या दीड ते दोन पट खोल गेला पाहिजे.

आट्यांना चिकटणरोधी लेप लावावा की नाही याविषयी एकमत नाही. लेपाने पुढची दुरुस्ती सोपी होते. मात्र घर्षण घटल्याने त्याच २४ न्यूटन-मीटरला पकडबल १५ ऐवजी सुमारे २० किलोन्यूटन होते, आणि ८.८ वर्गाच्या ८ मिमी. स्टडची प्रमाणित भारमर्यादा २१ किलोन्यूटनच्या आसपास आहे. त्यामुळे उत्पादकाने दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर लेप लावल्यावर तो कमी करावा लागतो. नट मधून सुरुवात करून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळतात, म्हणजे गॅस्केट बाहेरच्या दिशेने सपाट होत जाते. गॅस्केट नवेच घालावे. तंतुमय गॅस्केट पहिल्या तापण्या-थंडावण्यात दबते म्हणून एंजिन थंड झाल्यावर नट पुन्हा तपासतात. पोलादी थरांच्या गॅस्केटला सहसा ही गरज पडत नाही. जुन्या गाड्यांतील गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये. ओले करून अलगद सोडवावे.