मशीनला स्वतःचा ताप कधीपासून कळू लागला?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ सर्वांत तापते दिवस, लागला की नागपुरातल्या संगणक दुरुस्तीवाल्यांकडे ठरलेली तक्रार येते: मशीन सकाळी छान चालतं, दुपारी रखडतं, मधेच आपोआप बंद होतं. नकाशे, खाणींचे आराखडे, इमारतींची थ्रीडी मॉडेल्स करणाऱ्या वर्कस्टेशनबद्दल ही तक्रार जास्त, कारण त्यांचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण लोडवर राबतो. पुष्कळदा यात काहीच बिघडलेलं नसतं. मशीन स्वतःला वाचवत असतं. ही अक्कल त्याच्यात टप्प्याटप्प्याने आली.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हीटसिंकही, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा पातीदार ठोकळाही, नव्हता. पंखा होता तो फक्त पॉवर सप्लायमध्ये. पेंटियमच्या काळात, म्हणजे १९९३ नंतर, प्रोसेसरवर पंखा सर्रास दिसू लागला आणि नवी काळजी सुरू झाली: तो पंखा अडकला तर सांगणार कोण? नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एलएम७८ सारख्या चिप आल्या. सात व्होल्टेज, तीन पंख्यांचा वेग आणि तापमान, एवढं सगळं एका चिपमध्ये. पंख्याची तिसरी वायर दर फेरीला दोन ठोके पाठवते, ते मोजून आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या, काढायचा. तापमान मात्र बोर्डाचं किंवा प्रोसेसरच्या सॉकेटखालच्या थर्मिस्टरचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या छोट्या घटकाचं. प्रोसेसरच्या पोटात काय चाललंय याचा तो अंदाजच होता. पुढे १९९८ पासून लिनक्सवाल्यांनी एलएम-सेन्सर्स प्रकल्पातून हे आकडे सामान्य वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर आणले. हे मला फार मोलाचं काम वाटतं.

वीज वाचवण्याचा धागा वेगळाच. तो लॅपटॉपच्या बॅटरीतून आणि अमेरिकेतल्या १९९२ च्या एनर्जी स्टार योजनेतून आला. त्याच वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम ही वीज-व्यवस्थापनाची पद्धत आणली. त्यात बराचसा निर्णय बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, हाती होता, आणि कोणता प्रोग्रॅम काय करतोय हे बायोसला कुठून कळणार? डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय हे नवं मानक जाहीर केलं आणि ही सूत्रं ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेली. त्याआधी १९९५ मध्ये एटीएक्स प्रकारचे मदरबोर्ड आले होते. तोवर विंडोज ९५ नारिंगी अक्षरांत ‘आता बंद करायला हरकत नाही’ असं सांगून थांबायचं आणि खटका आपण दाबायचा. एटीएक्समध्ये पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन कायम जिवंत राहते, म्हणून मशीन स्वतःहून बंद किंवा चालू होऊ शकतं. भारनियमनाच्या दिवसांत बायोसमधलं ‘लाइट आल्यावर आपोआप सुरू हो’ हे सेटिंग आपल्याकडे किती उपयोगी पडलं, ते त्या काळात ऑफिस सांभाळणाऱ्यांना विचारा.

दोन्ही धागे प्रोसेसरच्या आत एकत्र आले. पेंटियम ४ (२०००) तापला की स्वतःच वेग कमी करायचा. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संगणकांची परीक्षणं करणाऱ्या संकेतस्थळाने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून दाखवला. पेंटियम ४ मंदावला पण गेम चालू राहिला, तर एएमडीच्या त्या वेळच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. पुढे एएमडीच्याच ॲथलॉन ६४ सोबत ‘कूल अँड क्वाएट’ आलं, २००५ मध्ये इंटेलने स्पीडस्टेप डेस्कटॉपवर आणलं, आणि काम नसताना प्रोसेसरचा वेग व व्होल्टेज दोन्ही खाली आणणं नेहमीचं झालं.

नागपूरची अडचण इथे सुरू होते. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त फरक आटोक्यात ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारा प्रोसेसर त्याच लोडवर ४५ अंशांत साधारण ८५ ला जातो. बऱ्याच वर्कस्टेशनच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ पाहिले आहेत. त्यात खोलीतल्या डेझर्ट कूलरची ओलसर हवा. ती धुळीसकट आत ओढली जाते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या कापसासारखा थर बसतो. पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो, आरपीएम उत्तम दिसतो, पण हवा पलीकडे जातच नाही.

आकड्यांवर डोळे झाकून विश्वासही नको. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. सेन्सर सदोष होता, असं हवामान विभागाने नंतर स्पष्ट केलं. मशीनमध्येही काहीच न जोडलेल्या सेन्सर इनपुटवर १२७ अंश असे आकडे दिसतात. ते पाहून घाबरू नये. इंटेलच्या २००६ नंतरच्या कोअर प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला डिजिटल सेन्सर आहे. तो मुळात तापमान सांगतच नाही, मर्यादेला किती अंश बाकी आहेत ते सांगतो, आणि सॉफ्टवेअर त्यावरून वजाबाकी करतं. भर दुपारी, पूर्ण लोडवर ही बाकी शून्याकडे सरकत असेल तर आधी हीटसिंक काढून पाती साफ करावीत, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलावी. नव्या मशीनचं कोटेशन मग मागवावं.