ओणव्याने 180 किलोमीटर

शाळेत ओणवं उभं राहण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे, त्यांना पाच मिनिटांत पाठीची काय अवस्था होते ते सांगायला नको. आयर्नमॅन शर्यतीतले आघाडीचे सायकलस्वार त्याच अवस्थेत चार-पाच तास काढतात. आधी 3.8 किलोमीटर पोहून आलेले असतात आणि नंतर 42.2 किलोमीटर धावायचं असतं. मधले 180 किलोमीटर कोपरं हँडलवर टेकलेली, पाठ जमिनीला जवळजवळ समांतर आणि मान आत ओढलेली. हे बघून कुणालाही वाटेल की वेगाच्या वेडापायी शरीराचे हाल चालले आहेत. पण या बसण्याचा उगम पाहिला तर त्यात वेगाइतकाच आरामाचाही हिशोब होता.

1978 मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. विजेत्या गॉर्डन हॉलरला 11 तास 46 मिनिटं 58 सेकंद लागले. सायकली साध्या, खाली वळलेल्या हँडलच्या. वाऱ्याचा विचार फारसा कुणी केला नव्हता. खरं तर सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाताना ताकदीचा मोठा वाटा हवा कापण्यातच जातो, आणि त्या हवेला अडवणारं मुख्य धूड म्हणजे सायकल नव्हे, तिच्यावर बसलेला माणूस. वेग दुप्पट करायचा तर हवेपुरती ताकद आठपट लागते.

कोपरं टेकण्याची सोय आधी ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी खेळात) नव्हे, अमेरिका आडवी पार करणाऱ्या 'रॅम' शर्यतीत नावाजली. 1986 मध्ये पीट पेन्सेयर्सने अशा हँडलवर रेलून ती शर्यत सरासरी ताशी 15.40 मैल वेगाने जिंकली. तो सरासरीचा विक्रम 2013 पर्यंत टिकला. दिवसचे दिवस सायकलवर बसणाऱ्याला तळहातांवरचा भार कमी होणं ही चैन नसते, गरज असते. (पुढे 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे रॅम एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.)

त्या कल्पनेला बाजारात आणलं ते बून लेनन या स्कीइंग प्रशिक्षकाने. उतारावरून सुसाट जाणारे स्कीपटू हात पुढे घेऊन अंगाची अंड्यासारखी मोट बांधतात, तीच ढब त्याने सायकलवर आणली. 1987 च्या सुमारास 'स्कॉट' कंपनीने हे हँडल विकायला काढलं. स्कीइंगच्या काठ्या बनवणारी कंपनी आणि हँडलचं नाव 'डीएच', म्हणजे डाउनहिल. ट्रायथलॉनवाल्यांनी ते लगेच उचललं. परंपरेचं ओझं नसलेला खेळ असल्याचा हा फायदा!

मग आलं 1989. या एका वर्षात इतकं घडलं की इतिहासाने जागा वाचवायला सगळं एकत्र कोंबलं असं वाटावं. जुलैमध्ये टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस या 24.5 किलोमीटरच्या टप्प्यात, ग्रेग लेमाँडने असं हँडल लावून लॉराँ फिन्याँला 58 सेकंदांनी मागे टाकलं आणि 50 सेकंदांची पिछाडी भरून अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकली. फिन्याँकडे ते हँडल नव्हतं, डोक्यावर हेल्मेटही नव्हतं, पाठीवर वेणी उडत होती. ऑक्टोबरमध्ये हवाईतल्या कोना या गावी आयर्नमॅनमध्ये मार्क ॲलनने डेव्ह स्कॉटला हरवलं. फरक? तोही 58 सेकंदांचाच.

माझ्या मते मात्र त्या वर्षातली सर्वांत टिकाऊ गोष्ट शर्यत नव्हती, एक सायकल होती. पोहण्याचे वेटसूट बनवणाऱ्या 'क्विंटाना रू' कंपनीच्या डॅन एम्पफिल्डने 'सुपरफॉर्म' आणली. नेहमीच्या सायकलीवर नुसतं हँडल खाली केलं की मांडी पोटाला भिडते, कंबरेतला कोन आवळतो, श्वास कोंडतो आणि पायातला जोरही जातो. एम्पफिल्डने सीटच पुढे आणली. सीटची नळी नेहमीच्या 73-74 अंशांऐवजी 80 अंशांच्या आसपास उभी केली. पेडलचा आस केंद्र मानून अख्खा माणूस पुढे कलता केला, म्हणजे छाती खाली गेली तरी मांडी आणि धड यांच्यातला कोन होता तसाच राहिला. ट्राय बाईकचं, म्हणजे ट्रायथलॉनच्या खास सायकलीचं, सगळं गणित या एका वाक्यात आहे.

सायकलिंगच्या जागतिक संघटनेला, यूसीआयला, हे मानवणारं नव्हतं. सायकलपटू ग्रॅम ओब्रीने 1993 मध्ये हात छातीखाली दुमडून एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडला, ती ढब पुढच्याच वर्षी बंद झाली. त्याने हात सरळ पुढे ताणले, तेही बंद झालं. सीटचं टोक पेडलच्या आसापासून किमान 5 सेंटिमीटर मागेच हवं, या नियमाने तर वर्षानुवर्षं भल्याभल्यांचा घाम काढला. ट्रायथलॉनची संघटना वेगळी, तिचीही स्थापना 1989 चीच. ऑलिंपिकच्या छोट्या शर्यतींत घोळक्याने चालवायला मुभा असल्याने या सायकलींचं तिथे काम नाही. लांब पल्ल्यात पुढच्याच्या आडोशाला राहता येत नाही, वाऱ्याला प्रत्येकाने एकट्याने तोंड द्यायचं, म्हणून प्रयोग तिथेच फोफावले.

मधली काही वर्षं जो जितका खाली तो तितका शहाणा, अशी हवा होती. अलीकडे गंमत उलटी झाली आहे. हात थोडे वर उचललेले, डोकं त्यांच्या मागे दडवलेलं, दोन्ही हातांच्या मध्ये पाण्याची बाटली, पुढचं टोक दुभंगलेली सीट आणि कंबरेतला कोन मोकळा राहावा म्हणून आखूड क्रँक (पेडलचे दांडे). 180 किलोमीटर न हलता टिकेल तीच ढब वेगवान, कारण दर दहा मिनिटांनी उठून पाठ मोकळी करणाऱ्याने वाचवलेली हवा परत केलेली असते. शिवाय त्याच अवस्थेत खायचं-प्यायचंही असतं, पोट घडी घातल्यासारखं आवळून शर्यतीत खायची ऊर्जेची जेल पचत नाहीत.

कोना गावच्या आयर्नमॅनचे आकडे बोलके आहेत. सायकलचा विक्रम 1996 मध्ये थॉमस हेलरीगेलने केला तेव्हा 4:24:50 होता. 2022 मध्ये सॅम लेडलोने 4:04:36 केला आणि 2024 मध्ये त्यानेच तो चार तासांच्या आत आणला. या तिन्ही वेळी शर्यत जिंकली मात्र दुसऱ्याच कुणीतरी, धावण्यात. 2006 च्या नॉर्मन स्टाडलरसारखा सायकलचा विक्रमही करून शर्यतही जिंकणारा विरळा.

गोव्यात 2019 पासून 'आयर्नमॅन 70.3' होऊ लागली, तिथे सायकल 90 किलोमीटर. तिच्या तयारीसाठी पुण्या-मुंबईकडचे अनेक जण साध्या रोड बाईकलाच क्लिप-ऑन बार (कोपरं टेकायचे वरून बसवायचे दांडे) लावतात आणि इथेच एम्पफिल्ड आठवावा लागतो: सीट जागची न हलवता नुसते बार लावले की कंबर आवळलीच. दुसरी अडचण आपली खास. या कोपरं टेकायच्या बारच्या टोकाशी गिअर असू शकतात, ब्रेक नसतात. हायवेवर पुढे कुत्रं दिसलं की ओणव्यातून आधी उठावं लागतं, मग हात ब्रेकपर्यंत पोचतो.