अंधारातल्या गायिकेपासून डीलरच्या खोलीपर्यंत: हाय-फाय डेमोची पार्श्वभूमी

महागड्या हाय-फाय, म्हणजे मूळ आवाजाशी इमान राखू पाहणाऱ्या, संगीत-यंत्रणेचा डेमो ऐकायला गेलो की खोलीत पाऊल ठेवण्याआधीच बरेच काही ठरलेले असते. ॲम्प्लिफायर तासा-दोन तासांपूर्वीच चालू करून तापवलेला असतो. स्पीकर कुठे ठेवायचे, किती आत वळवायचे याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या असतात. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर एकच खुर्ची असते आणि पहिले गाणे कोणते लावायचे, हे डीलरने आधीच निवडलेले असते. आपण बसतो, दिवे थोडे मंद होतात आणि आवाज सुरू होतो. या साऱ्या मांडणीमागे शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. ती ठाऊक असेल तर त्या खुर्चीत बसून नेमके काय ऐकायचे, हेही कळते.

सुरुवात एडिसनपासून करावी लागते. थॉमस एडिसन यांच्या कंपनीने डायमंड डिस्क फोनोग्राफ १९१२ मध्ये बाजारात आणला. तो स्पर्धकांच्या यंत्रांपेक्षा महाग होता आणि त्याच्या तबकड्या दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर सहज वाजत नसत. म्हणजे गिऱ्हाइकाला जादा पैसे मोजायला लावण्यासाठी काहीतरी ठोस कारण देणे भाग होते. १९१५ पासून कंपनीने ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम सुरू केले. गावातला एडिसनचा डीलर निमंत्रणे वाटायचा. मंचावर फोनोग्राफ आणि त्याच्या शेजारी उभी गायिका. ती तबकडीसोबत गायची, मध्येच थांबायची, पुन्हा सूर धरायची. मग सभागृहातले दिवे मालवले जात. अंधारात गाणे अखंड चालू राही आणि दिवे लागले की मंचावर एकटे यंत्र उरलेले असे. गायिका केव्हाच निघून गेलेली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या सोप्रानोने (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेने) असाच प्रयोग केला. पुढच्या काही वर्षांत असे हजारो कार्यक्रम झाले.

ते ध्वनिमुद्रण विजेशिवायचे होते. गायक कर्ण्यासमोर उभा राहायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेषा कोरायची. खोल खर्ज आणि वरच्या पट्टीतली चमक, दोन्ही त्यात फारशी उतरत नसे. तरी जाणकार श्रोतेही फसले, ते का? टोन टेस्टमधली सर्वांत गाजलेली गायिका ॲना केस. तिने म्हातारपणी सांगितले की मंचावर ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असे. यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूस यंत्रासारखा गात होता. शिवाय गाणी निवडलेली, वाद्यांची गर्दी टाळलेली आणि ऐन मोक्याच्या क्षणी अंधार. माझ्या मते आजच्या प्रत्येक डेमोचे बीज इथे आहे. तरी एका गोष्टीचे श्रेय त्या कार्यक्रमांना द्यायलाच हवे: कसोटी म्हणून समोर जिवंत माणूस उभा होता.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि टोन टेस्टचा काळ संपला. पण जिवंत संगीत आणि यंत्र यांना शेजारी उभे करण्याची कल्पना टिकली आणि पुढे ती शास्त्रज्ञांच्या हाती गेली. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन-संशोधन प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातल्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये वाजणारा ऑर्केस्ट्रा तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला. तीन मायक्रोफोन, तीन स्वतंत्र वाहिन्या आणि मंचावर तीन स्पीकर. ऑर्केस्ट्राचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या बटनांपाशी बसले होते आणि फिलाडेल्फियात अलेक्झांडर स्मॉलेन्स ऑर्केस्ट्रा चालवत होते. कार्यक्रमात दोन ट्रम्पेटवादकांची जुगलबंदी होती. दोघेही समोरच्या मंचावर आहेत असे श्रोत्यांना वाटले. दिवे लागले तेव्हा एकच वादक तिथे होता. दुसरा फिलाडेल्फियातून वाजवत होता. युक्ती एडिसनचीच, पण इथे कोणी काही विकत नव्हते. ४० पासून १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुनर्निर्माण करता येतो आणि अवकाशात तो कुठून येतो हेही दाखवता येते, एवढेच सिद्ध करायचे होते.

या प्रयोगामागचे शास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर. त्यांनी आणि विल्डन मन्सन यांनी त्याच वर्षी कानाच्या संवेदनशीलतेचे आलेख प्रसिद्ध केले. आवाज हळू असेल तर खर्ज आणि वरच्या पट्ट्या कानाला कमी जाणवतात. आवाज वाढवला की त्या भरून येतात. म्हणजे तीच यंत्रणा जराशी मोठ्याने लावली तरी अधिक भरदार आणि अधिक स्पष्ट वाटते. डेमोच्या इतिहासात हा मुद्दा वारंवार परत येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाय-फाय हा घरगुती छंद झाला. कोलंबिया या तबकडी-कंपनीने १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली. युद्धकाळात रडार आणि रेडिओवर काम केलेल्या अनेकांच्या हाती इलेक्ट्रॉनिक्सचे कौशल्य होते. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हॉटेल न्यूयॉर्करमध्ये पहिला ऑडिओ फेअर भरला. प्रत्येक कंपनीला एक खोली. खोलीतले सामान हलवायचे आणि स्पीकर मांडायचे, ही पद्धत तेव्हापासूनची. एमरी कुक यांनी मुद्रित केलेले वाफेच्या इंजिनांचे आवाज पुढच्या एका फेअरमध्ये ऐकवले गेले तेव्हा खोलीबाहेर गर्दी उसळली. ही गर्दी संगीतासाठी नव्हती. यंत्र काय करू शकते ते पाहण्यासाठी लोक आले होते आणि इथे कसोटी हळूच बदलली. वाफेचे इंजिन ‘खरे’ वाटले पाहिजे एवढीच अपेक्षा. पण ते इंजिन शेजारी उभे करून ताडून पाहायची सोय नव्हती.

१९५८ मध्ये स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांची, एलपी बाजारात आली आणि डीलरपुढे नवे काम आले. गिऱ्हाइकाला दुसरा स्पीकर आणि आणखी एक ॲम्प्लिफायर घ्यायला लावायचे होते. त्यासाठी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या आगगाड्या, टेबलटेनिसचा चेंडू आणि डावी-उजवीकडे उड्या मारणारी तालवाद्ये यांच्या खास डेमो तबकड्या निघाल्या.

याच दशकात जुनी परंपरा जिवंत ठेवणारेही होते आणि मला तो काळ या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये वॉर्फडेल ही स्पीकर-कंपनी काढणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्याने घेतला. क्वाड या ॲम्प्लिफायरचे निर्माते पीटर वॉकर त्यांच्या सोबतीला होते. मंचावर खरे वादक वाजवत आणि त्यांच्याच वादनाचे मुद्रण लगेच ऐकवले जाई. तिकिटे लावलेला हा कार्यक्रम तुडुंब भरला. पुढच्या वर्षी ब्रिग्ज कार्नेगी हॉलपर्यंत जाऊन आले. यातले धाडस लक्षात घ्यायला हवे. एवढ्या मोठ्या सभागृहात, खऱ्या पियानोनंतर लगेच, स्वतःच्या कारखान्याचा स्पीकर लावायचा म्हणजे फजिती झाली तर ती हजारो लोकांसमोर होणार.

अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. स्पीकरच्या बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढता येतो, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या एआर-३ स्पीकरसोबत फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौकडीने केलेले कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. चौघे वाजवत, मग गज तारांना न टेकवता नुसता हलवत राहत आणि आवाज स्पीकरमधून येत असे. कुठे बदल झाला हे श्रोत्यांनी ओळखायचे. अशा प्रयोगाला मुद्रणही वेगळे लागते. सभागृहात मुद्रण केले तर तिथला घुमारा तबकडीत येतो आणि सभागृहात वाजवताना त्यावर आणखी एक घुमारा चढतो. म्हणून मूळ मुद्रण शक्य तितके कोरडे असावे लागते. व्हिलचर यांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आणि केंब्रिजमधल्या हार्वर्ड चौकात संगीत-खोल्याही उघडल्या. कोणीही यावे, बसावे, ऐकावे आणि निघून जावे. तिथे विक्री होत नसे, विक्रेताही नसे. डीलरच्या दबावाशिवाय ऐकण्याची अशी सोय नंतर क्वचितच कोणी केली.

साठ-सत्तरच्या दशकांत हाय-फाय मोठा धंदा झाला आणि मंचावरचा वादक दिसेनासा झाला. दुकानाच्या एका भिंतीवर वीस-तीस स्पीकर आणि समोर बटनांचा फळा. एक बटन दाबले की हा स्पीकर, दुसरे दाबले की तो. वरवर पाहता ही न्याय्य तुलना. पण एकाच वॅटवर सगळे स्पीकर सारखे मोठ्याने वाजत नाहीत आणि आवाजाच्या पातळीतला एका डेसिबलचा फरकही पातळीचा फरक म्हणून नव्हे, दर्जातला फरक म्हणून जाणवतो. जास्त जोरात वाजणारा जिंकायचा. फ्लेचर-मन्सन यांचे आलेख तेव्हा तीस-चाळीस वर्षांचे झाले होते, तरी दुकानात त्यांचा कोणी विचार करत नव्हते.

या भिंतीविरुद्ध ब्रिटनमधून जोरदार प्रतिक्रिया आली. ग्लासगोमध्ये आयव्हर टिफेनब्रून यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लिन कंपनी आणि तिचा एलपी१२ टर्नटेबल (तबकडी फिरवणारे यंत्र) उभा केला. त्यांचे दोन आग्रह होते. पहिला असा की, तबकडीवरून जे सुटले ते पुढचा कोणताही ॲम्प्लिफायर परत आणू शकत नाही. म्हणून पैसे आधी टर्नटेबलवर घाला. दुसरा असा की, खोलीत एकच स्पीकर-जोडी हवी, कारण न वाजणाऱ्या स्पीकरचे पडदेही आवाजाने थरथरतात आणि ऐकण्यात ढवळाढवळ करतात. ही थरथर प्रत्यक्ष किती ऐकू येते यावर वाद आहे. पण या आग्रहामुळे डीलरकडे स्वतंत्र, शांत, दार लावता येणारी डेमोची खोली आली आणि वेळ ठरवून जाण्याची रीत रूढ झाली. आज हाय-एंड, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या यंत्रणांच्या, डीलरकडे जे अनुभवायला मिळते त्याचा साचा हाच.

त्याची किंमतही मोजावी लागली. एडिसनच्या मंचावर यंत्राशेजारी माणूस होता, सत्तरच्या दुकानात यंत्राशेजारी यंत्र होते. आता खोलीत एकटे यंत्र उरले. तुलना करायची तर ती श्रोत्याच्या आठवणीशी, आणि आवाजाच्या बारकाव्यांची आठवण फार लवकर पुसट होते. त्या पोकळीत शब्द शिरले. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टीरिओफाइल’ आणि हॅरी पिअरसन यांनी १९७३ मध्ये ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ सुरू केले. मोजमापापेक्षा कानावर भर देणाऱ्या या नियतकालिकांनी ऐकण्याचे वर्णन करण्याची एक परिभाषाच घडवली. जिवंत, ध्वनिवर्धकाशिवायचे संगीत हीच अंतिम कसोटी, असे दोघेही आवर्जून सांगत, हे विसरता कामा नये. डीलरच्या खोलीत मात्र त्यांची परिभाषा पोहोचली आणि कसोटी बाहेरच राहिली.

दुसऱ्या बाजूने मोजून-मापून ऐकणाऱ्यांचेही काम चालू होते. १९८२ मध्ये, जपानमध्ये सीडी बाजारात आली त्याच वर्षी, डेव्हिड क्लार्क यांनी एबीएक्स पद्धतीच्या उपकरणावर निबंध प्रसिद्ध केला. अ आणि ब ऐका, मग क्ष हा त्यांपैकी कोणता ते न पाहता ओळखा. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हारमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत पडद्याआडून स्पीकर ऐकवण्याची शिस्त लावली. शॉन ऑलिव्ह आणि टूल यांचा १९९४ चा प्रयोग डेमोला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. तेच श्रोते, तेच स्पीकर; एकदा पडदा लावून, एकदा समोर दिसत असताना. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले, आवडीचा क्रम बदलला आणि खरोखरच ऐकू येणारे फरक, म्हणजे जागा बदलल्याचे किंवा गाणे बदलल्याचे, नीट टिपलेच गेले नाहीत. यातले अनेक श्रोते अनुभवी होते. अनुभवी माणसाचेही डोळे कानांवर मात करतात.

दरम्यान हॉटेलातली प्रदर्शने फोफावली. जर्मनीतले ‘हाय एंड’ प्रदर्शन १९८२ मध्ये ड्युसेलडॉर्फला सुरू झाले, पुढे फ्रँकफर्टजवळ गेले, २००४ पासून म्युनिकला भरू लागले आणि २०२६ पासून त्यासाठी व्हिएन्ना ठरले. अशा ठिकाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरताना एक गोष्ट लगेच जाणवते: गाणी फार मोजकी असतात. जवळून मुद्रित केलेला एकल स्त्री-आवाज, एखादी गिटार, डबल बासचा एखादा ठळक खर्ज. मोठा वृंद, दाटीवाटीचे समूहगान किंवा सामान्य दर्जाचे जुने मुद्रण क्वचितच लागते. थोडी वाद्ये, मधे मोकळी जागा, हे कोणत्याही बऱ्या यंत्रणेवर सुंदर वाजते. एडिसनच्या माणसांनी गाणी याच हिशेबाने निवडली होती. म्हणून डेमोला जाताना आपल्या पूर्ण ओळखीचे, आणि शक्यतो थोडे अवघड, मुद्रण सोबत नेणे हा डीलरचा अविश्वास नव्हे. चांगला डीलर ते आनंदाने लावतो. दोन यंत्रणा पाठोपाठ ऐकायच्या असतील तर दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करून मागावा. अर्ध्या डेसिबलच्या आत आणणे अवघड नाही.

एवढे सगळे पाळले तरी एक अडचण डीलरच्या खोलीत सुटत नाही. ५० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. पाच मीटर लांबीच्या खोलीत साधारण ३४ हर्ट्झला पहिली स्थिर लहर (भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने खोलीतल्या जागी-जागी ठरून जाणारा चढ-उतार) उभी राहते आणि खुर्ची हातभर सरकवली तरी काही सूर फुगतात, काही नाहीसे होतात. साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली आपण स्पीकर जितका ऐकतो तितकीच खोली ऐकतो. जमिनीवरच्या त्या चिकटपट्टीच्या खुणा म्हणूनच खऱ्या कामाच्या आहेत: डीलरने आपल्या खोलीशी झगडून शोधलेली ती जागा असते. ती जागा आपल्या घरी नसते. हे ओळखून अनेक डीलर आठवडाभरासाठी यंत्रणा घरी नेऊ देतात किंवा स्वतः येऊन लावून देतात. अलीकडे मायक्रोफोनने खोली मोजून खर्ज सावरणारी डिजिटल सुधारणा ॲम्प्लिफायरमध्येच मिळते. डेमोच्या वेळी ती चालू होती की बंद, हे डीलरला विचारून घ्यावे आणि दोन्ही ऐकवायला सांगावे.