निरोगी आयुर्मान

माणूस एकूण किती वर्षं जगतो ते आयुर्मान, आणि त्यातली किती वर्षं धडधाकट जगतो ते निरोगी आयुर्मान, ज्याला आजकाल सगळे हेल्थस्पॅन म्हणतात. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुष्य ३२ च्या आसपास होतं, आता ७० च्या घरात आहे (तेव्हाचा आकडा बालमृत्यूंमुळे एवढा खाली होता, म्हातारी माणसं तेव्हाही होतीच). जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या हिशोबात जगाचं आयुर्मान साधारण ७३ आणि निरोगी आयुर्मान ६३-६४. याचा अर्थ शेवटची दहा वर्षं अंथरुणात असा नाही, जन्मभराची दुखणी त्यांच्या तीव्रतेप्रमाणे वजा करून तो आकडा काढतात.

आयुष्य अजून वाढवायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच अश्वत्थामा आठवतो, चिरंजीव पण जखम भरत नाही. अमेरिकन डॉक्टर जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये उलटं मांडलं, की आजार उशिरा सुरू झाले तर आजारपणाचा काळच आखडेल. पटण्यासारखं आहे, पण डायबेटिस आणि हार्टचे पेशंट आता गोळ्यांवर कितीतरी वर्षं काढतात, त्यामुळे दुखण्यासकट जगायची वर्षंपण वाढतात.

मुंबईत हे सगळं जिन्यावर कळतं. गिरगाव-लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे रिपोर्ट नॉर्मल असतात, पण गुडघे गेले की त्या फक्त डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हाच खाली उतरतात, मग भाजी नाही, देऊळ नाही, हळदीकुंकू नाही, आणि चालणं बंद म्हणून पाय अजून बारीक होतात. रिडेव्हलपमेंटमध्ये लिफ्ट मिळते हे खरं, पण गॅलरीतली येजा आणि गप्पा जातात, तेही नुकसानच.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये लासी नावाचा देशभराचा सर्व्हे केला, पंचेचाळिशीच्या पुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर. त्यात बीपी तर मोजलंच, पण हाताच्या मुठीची ताकद मोजली आणि अंघोळ, कपडे, संडास स्वतःचं स्वतः जमतं का हेही विचारलं. माझ्या मते खरं मोजमाप हेच. आपण शुगर दर तीन महिन्यांनी तपासतो, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते कोणी बघत नाही. स्नायू तिशीनंतरच हळूहळू घटायला लागतात, साठीनंतर जास्त जोरात, पण नव्वदीतल्या लोकांनीही वजनं घेऊन व्यायाम केला तर पायांत ताकद येते.